डोळ्यांखालचं तारुण्य

आत-बाशी या डोंगराळ गावच्या जनावरांच्या बाजारात त्या रविवारी माणसं मेंढ्या सोडून औषधं विकणाऱ्या सायकाल नावाच्या बाईच्या तंबूपुढे उभी होती. सायकाल हातातली बाटली उंच धरून ओरडत होती.

"पवित्र झऱ्याचं पाणी आहे, बायांनो! वाऱ्यानं फाटलेली पापणी असो, सुरकुती असो, नाहीतर कुणाची लागलेली नजर! चुरचुरलं तर भिऊ नका, नजर बाहेर पडतेय. मात्र लावल्यावर हसायचं नाही, बोलायचं नाही. आशीर्वाद मोडतो!"

बाकावर झूराआजी पुतळ्यासारखी बसली होती. डोळ्यांखाली पाणी लावून थोडाच वेळ झाला होता आणि तिथल्या सुरकुत्या खरंच दिसेनाशा झाल्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगं बाई, नवरीच दिसायला लागली की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हात भराभर बाटल्यांकडे गेले.

डॉक्टर उमसुनाई मागे उभी होती. तिला राग यायला हवा होता, पण आता रागाचंही त्राण उरलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात औषध म्हणून जळवा विकायला आल्या होत्या, त्याआधी ताईत. आज सकाळी बुरुलला हाताला धरून दवाखान्यात आणलं होतं. कुरणावर घोड्यांचं दूध काढणारी पोर, थंड वाऱ्यानं पापण्या कोरड्या पडलेल्या. हे पाणी लावल्यावर त्या बोरसोकच्या तळलेल्या कणकेच्या गोळ्यांसारख्या फुगून डोळेच मिटले होते.

"चुरचुरलं म्हणजे गुण येतोय असं सायकाल म्हणाली होती, ताई. म्हणून मी आणखी लावलं," बुरुल म्हणाली होती.

उमसुनाईनं कोपऱ्यावरच्या अंडी विकणाऱ्या बाईकडून एक अंडं घेतलं, ते वाटीत फोडलं आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली. रात्रपाळ्यांनी तिच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या. तिनं अंड्याचा पांढरा बलक एका डोळ्याच्या बराच खाली, हाडावर फासला आणि वाऱ्याकडे तोंड करून गप्प उभी राहिली. बलक वाळला, कातडी ताणली गेली. लोक पुढे सरकले.

"अरे, डॉक्टरीणबाईंची पण पिशवी गेली!"

"झऱ्याचं पाणी नाही हं. कोंबडीचं आहे," उमसुनाई म्हणाली. "आता आजीला हसवा कुणीतरी."

"खबरदार!" सायकाल किंचाळली.

झूराआजीचा म्हातारा काठी टेकत पुढे आला. "बायको, अशीच गप्प राहणार असशील तर दोन बाटल्या घेतो!"

आजी खदखदून हसली. डोळ्यांखालचा पापुद्रा तडकला, खपल्या गालावर पडल्या आणि सुरकुत्या होत्या तिथे परत आल्या.

उमसुनाईनं बाटली हुंगली. "यातही असंच वाळून कातडी ताणणारं काहीतरी आहे, वर पुदिन्याचा अर्क. त्यानं पाणी येणारच. कांद्यानंही येतं, मग कांद्याला नजर काढणारा म्हणायचं का?"

सायकाल बाटल्या पोत्यात भरू लागली. "पापी माणसाला गुण येत नसतो," ती पुटपुटली.

"मग मी लावू काय?" झूराआजीनं विचारलं. "कातडी तर फाटतेच ना!"

"कोमट पाण्यानं धुवायचं, साबण नको. ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि करंगळीशेजारच्या बोटानं हळूच टेकवायचं, चोळायचं नाही. पापणीच्या कडेला, डोळ्याच्या आत जाऊ द्यायचं नाही. नवं काही आणलं तर आधी हातावर लावून बघायचं. चुरचुरलं तर लगेच धुवायचं. सूज आली, नजर अंधुक झाली तर माझ्याकडे यायचं. आणि वाऱ्यात रुमाल बांधायचा."

"एवढंच?" एक बाई हिरमुसून म्हणाली. "यात चमत्कार कुठला?"

"कुठलाच नाही," उमसुनाई म्हणाली.

ती बाई सायकालच्या पोत्याकडे वळून बघत होती. उमसुनाईनं ते पाहिलं आणि थकलेल्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बायांनो, ज्या औषधाला तुम्ही गप्प बसलेल्या लागता, त्याला आधी प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर डोळ्याजवळ नेऊ नका. डोळे दोनच आहेत."