कल्हईचं पातेलं

सीताराम मूर्ख होता, हे आधीच सांगून टाकतो. तसं म्हटलं की मला जरा बरं वाटतं.

एक्क्याण्णव साली सरकारकडे डॉलर उरले नाहीत आणि आमच्या डोंबिवलीच्या तारेच्या कारखान्यात परदेशी तांबं यायचं थांबलं. शाळेत आम्ही तांब्याच्या खाणी म्हणून नकाशात राजस्थान, बिहार रंगवलं होतं. त्या खाणींचं तांबं बड्या कंपन्यांनाच पुरेना, आमच्यापर्यंत काय डोंबल येणार! शेठने भंगार वितळवायला घेतलं. भट्टीवर सीताराम आणि मी. शेठने बजावलं होतं, "बाहेरचा माल आला की भट्टी बंद. मशीनवर एकालाच घेईन."

पुढे भंगारही मिळेना. सीताराम म्हणाला, "विश्राम, आईचं तांब्याचं पातेलं आहे घरी. काम थांबायला नको."

चौदा एप्रिलला कोपरच्या त्यांच्या अख्ख्या चाळीचा भात त्या पातेल्यात शिजायचा. कल्हई म्हणजे कथील. ते तांब्यात मिसळलं तर तार टिकत नाही. म्हणून सीतारामने दोन दिवस बसून आतली कल्हई खरवडून काढली.

तो डबल ड्युटीवर असताना त्याची बायको भीमाबाई पातेलं लुगड्यात बांधून गेटवर आली. मी घ्यायला गेलो.

"भावजी, काल कल्हईवाला आलेला. सासूबाईंचं भांडं घराबाहेर चाललंय, असं ओरबाडलेलं कसं धाडू? यांना अजून सांगितलं नाही मी."

मी गाठ सोडली. आतून पातेलं लखलखत होतं.

"छान केलंत, वहिनी," मी म्हणालो.

मग घण घेतला आणि चकाकी आत दडेल असं ते दुमडून चेपलं. सीतारामने ते स्वतःच्या हाताने भट्टीत टाकलं. टाकण्याआधी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तार जागोजागी तुटायला लागली. शेठने विचारलं, भट्टीत काय टाकलं? मी खरं तेच सांगितलं.

"मी खरवडलेलं, शेठ! आईशपथ!" सीताराम ओरडत होता. त्याला त्याच दिवशी काढलं. महिन्याभरात परदेशी तांबं आलं आणि मी मशीनवर गेलो.

पुढे भीमाबाई बाजारात भेटली. वाळली होती. हळूच म्हणाली, "भावजी, ते माझ्या कल्हईमुळे तर नाही ना झालं?"

"तुमच्यामुळेच झालं, वहिनी," मी म्हणालो. "पण सीतारामला मी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका."

तिने भर बाजारात हात जोडले. "तुमचे फार उपकार आहेत, भावजी."