तुटक्या तारेचा पट्टा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हा कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा असावा. पण मला काटे नाहीत. मला एक लांब वायर आहे आणि तिच्या शेवटी चिमटा. संगणक दुरुस्त करणारे मला मनगटावर बांधतात. माणसाच्या अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भागांवर उडू नये, ती माझ्या वायरीतून गुपचूप जमिनीत जावी, एवढंच माझं काम. तेवढंही मला नेमक्या वेळी जमलं नाही.

भोरला माधुरीच्या दुकानात मी सहा वर्षं राबलो. "हा बांधल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, तेव्हा मी फुगून जायचो. सुरुवातीला ती रोज मला तपासणीच्या यंत्राला लावायची. हिरवा दिवा लागला की मगच कामाला बसायची. पुढं कामं वाढली आणि तपासणी मागं पडली. वाकून वाकून चिमट्यापाशी माझी तार आतल्या आत तुटली. वरून मात्र मी धडधाकट दिसत होतो.

गेल्या जानेवारीत गुंजवणे गावचे रामभाऊ जुना संगणक घेऊन आले. त्यातली डिस्क नव्या संगणकात बसवायची होती.

"हिच्यात आमच्या थोरल्या भनीचा, अक्काबाईचा आवाज हाय," ते म्हणाले. "धरणात गेलेल्या शेतांची नावं तिनं तिच्या लेकीला सांगितलीत. आता ती न्हाई. जपून करा, माधुरीताई."

"काळजी करू नका. पट्टा बांधलाय ना!"

हवा कोरडी होती. माधुरीच्या अंगात नायलॉनचा स्वेटर होता. डिस्क काढताना तिचं बोट डिस्कच्या खालच्या, नाजूक भाग जडवलेल्या हिरव्या पाटीला लागलं आणि चट्टकन ठिणगी उडाली. मी तिच्या मनगटावरच होतो. तिनं घाईघाईनं मला यंत्राला लावलं. दिवा लाल लागला.

डिस्क पुन्हा चालू झाली नाही. पुण्याच्या जाणकारांनीही हात टेकले.

"जुनी होती, गेली," माधुरी रामभाऊंना म्हणाली. ते उठले आणि एसटी स्टँडकडं निघाले. माझ्याकडं नजर जाताच ती धावत त्यांच्या मागं गेली. मी तिच्या मुठीतच होतो.

"रामभाऊ, मी खोटं बोलले. माझ्या हातून गेली. पट्टा तुटलेला होता, मी तपासलाच नव्हता."

ते स्टँडवरच्या बाकावर टेकले.

"नावं मला बी ठावं हायती," ते म्हणाले, "लिवून घ्या. पर तिचा आवाज कुठनं आणायचा?"

तिथंच बाकावर बसून माधुरीनं एकेचाळीस नावं लिहून घेतली. रामभाऊंचा आवाजही मोबाईलमध्ये भरला, त्याच्या दोन प्रती केल्या. अक्काबाईंचा आवाज मात्र गेला तो गेलाच.

आता मी कपाटात पडून आहे, आणि ते योग्यच आहे. मित्रांनो, संगणकाचे भाग कडेनं धरा. उघड्या पाटीला बोट लावू नका. पट्टा बांधण्याआधी रोज तपासा. माझ्यासारखा एखादा नुसताच मनगटावर मिरवत असेल, तर त्याच्या भरवशावर कुणाला "काळजी करू नका" म्हणू नका.