मला तेल नको होतं

मी तुमच्या मोटारीतला ब्रेक पॅड. चेहरा आठवत नाही ना? साहजिक आहे. मोटारीचा रंग सगळे सांगतात, हॉर्न सगळ्यांना ठाऊक असतो. चाकाच्या आत डोकावायला कोण जातो? म्हणून आज मीच बोलतोय. माझ्या जिवाला अजून स्वस्थता नाही. गल्लीत मोटार वळली, की माझे कान आपोआप तिच्या चाकाकडे लागतात.

एका कारखान्यात लोखंडी पत्र्यावर काळा, खरखरीत मसाला दाबून आणि भाजून मला घडवलं. आम्ही चौघे भाऊ. दोघे डाव्या चाकात, दोघे उजव्या, आणि मधे फिरणारी पोलादी चकती. पायाने ब्रेक दाबला, की आम्ही तिला दोन्हीकडून धरायचं, गाडी थांबवायची आणि दरवेळी थोडं झिजायचं. मसाला संपत आला, की आमच्या पाठीवरची पट्टी चकतीला घासून किंचाळते. आता आम्हाला काढा, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला तेवढंच बोलता येतं.

मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस तेव्हा सरत आले होते. बीडमध्ये गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या, चौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले आणि सिद्धेश्वरच्या दारात पांढरी मोटार आली. करडीच्या तेलाचं त्याचं दुकान, मागे वडिलांच्या वेळचा घाणा. त्याच्या आईने, बसम्माने, मोटारीला विभूती लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यानंतर चाकापाशी वाकून कोणी पाहिलं नाही.

माणसांना दिसेल त्याचीच हौस. सीटवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत निघालं नाही, हॉर्न दोनदा बदलला, टेप बसवला. नगर नाक्यावरचा मिस्त्री जालिंदर एकदा म्हणाला, "शेठ, चाकं खोलून पॅड बघू का?"

"गाडी चालू हाय ना? मंग कावून खोलायलास?"

झालं. मी झिजत राहिलो आणि एक दिवस किंचाळायला लागलो. सुरुवातीला हळू, मग प्रत्येक वळणावर. सिद्धेश्वरच्या बायकोने, रुद्राणीने, ते आधी ऐकलं. ती सिरसाळ्याची. माहेरी वडिलांचा ट्रॅक्टर चालवलेली. यंत्राचा सूर बदललेला तिला लगेच कळायचा.

"अवो, डाव्या चाकातून आवाज यायलाय. सोमवारी कपिलधारला दर्शनाला जायचंय, त्याच्या आधी जालिंदरला दाखवा की."

सिद्धेश्वरकडे घरचं औषध होतं. घाणा कुरकुरला, दुकानाचं शटर अडलं, पाळण्याची कडी वाजली, की दोन थेंब तेल सोडायचं. वाडवडिलांची रीत. "आमच्या घरात कुरकुर ऱ्हात न्हाई," असं तो येईल त्याला सांगे. रविवारी त्याने लांब चोचीची कुपी आणली आणि डाव्या चाकाच्या फटीतून नेम धरून करडीचं तेल सोडलं. दोन थेंबांनी समाधान झालं नाही, म्हणून कुपी रिकामी केली.

मी नखशिखांत भिजलो. चकती हातातून सुळकन निसटायला लागली आणि माझा आवाज गेला. गल्लीत एक चक्कर मारून तो खुशीत घरी आला. "बघ, गेला का न्हाई आवाज?" त्याला वाटलं मी बरा झालो. मला ओरडून सांगायचं होतं, आणि आता ओरडताही येत नव्हतं. ती रात्र मी कशी काढली, माझं मला माहीत.

सोमवारी जाताना घाट चढायचा होता, त्यामुळे माझं काम फारसं पडलं नाही. दर्शन झालं, प्रसाद झाला. परतताना मात्र मांजरसुंब्याचा घाट उतरायचा होता. लांब खाली पालीकडे बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसत होतं.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तसं तेल तापलं. मागे बसलेली बसम्मा म्हणाली, "कोन भजे तळायलंय गं इथं? आपल्या दुकानातल्या तेलावानी वास यायलाय."

रुद्राणी हसली नाही.

पुढच्या वळणावर खालून एसटी आली. सिद्धेश्वरने पाय दाबला. उजवीकडच्या भावांनी चकती घट्ट धरली, आम्ही दोघे घसरलो आणि मोटार उजवीकडे, थेट एसटीच्या अंगावर ओढली गेली. मी जिवाच्या आकांताने धरत होतो. तीन माणसं माझ्या भरवशावर आणि माझ्या हातात काही म्हणता काही उरलं नव्हतं.

"ब्रेक सोडा, गेर खालचा टाका," म्हणत रुद्राणीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मोटार फरफटत डावीकडच्या मुरमाच्या ढिगावर चढली आणि थांबली. एसटी हॉर्न वाजवत निघून गेली.

निरोप धाडल्यावर जालिंदर आला. त्याने चाक खोललं, बोटं हुंगली. "तेल कुनी घातलं?"

"म्या," सिद्धेश्वर म्हणाला. "लई वरडायलता."

"त्यो सांगायलता," रुद्राणी म्हणाली. "तुमी त्याचं तोंड बंद केलं."

आम्हा चौघांच्या जागी नवे आले, चकत्या धुऊन पुसून निघाल्या. भाऊ भंगारात गेले. मला मात्र सिद्धेश्वरने उचलून दुकानात आणलं. आता मी तेलाच्या डब्याच्या झाकणावर वजन म्हणून बसतो. दिवसभर करडीचा वास. झिजायचं काम नाही, तरी चैन नाही. नव्यांचंही कधीतरी संपणारच, आणि तेव्हा कोण ऐकेल, हाच घोर.

बाबांनो, एवढंच मागतो. एखादं कुरकुरायला लागलं, तर त्याला गप्प करायच्या आधी ते काय म्हणतंय ते ऐका.

आज सकाळी मोटार गल्लीत वळली आणि मी दचकलो. तीच बारीक किंचाळी. सिद्धेश्वर उतरून दुकानात आला. कुपी घेतली. ती भरायला डब्याचं झाकण काढायचं, म्हणून त्याने आधी मला उचललं.

आणि तसाच उभा राहिला, मला हातात घेऊन.

मग त्याने मला जागेवर ठेवलं, कुपी फळीवर सारली आणि आत हाक मारली, "रुद्राणी, दुकानाकडं बघ जरा. जालिंदरकडं जाऊन येतो."