पाटकरी मवाळ झाला तेव्हा

पाटाचं पाणी पाळीपाळीनं सोडणाऱ्या पाटकऱ्याचं डोकं असंच दुखत राहिलं तर त्याच्या मेहुण्याचा फायदा होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. मेहुण्याचं रान पाटाच्या अगदी तोंडाशी. आठवड्याला तीन तास पाणी त्याच्या वाट्याचं. अठरा वर्षं तो बहिणीच्या नवऱ्यापुढं अर्ध्या तासासाठी तोंड वेंगाडत आला होता. एवढ्या काळात मिळालं काय, तर एकदा साडेचार मिनिटं जास्त पाणी, तेही पाटकऱ्याचं घड्याळ बंद पडलं होतं म्हणून. घड्याळ चालू झाल्यावर पाटकऱ्यानं पुढच्या पाळीत ती साडेचार मिनिटं कापून घेतली. सख्खा मेहुणा असला म्हणून काय झालं?

आता मात्र गेल्या तीन पाळ्यांत दाजींनी त्याला पाच-पाच तास पाणी दिलं होतं. वर जाताना विचारलं होतं, "भिजलं का रे तुझं सगळं नीट?"

मेहुण्याला त्या दिवशी ठसकाच लागला होता.

म्हणून बहीण सकाळी सकाळी त्याच्या दारात येऊन म्हणाली, "दादा, यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, तुझी जीप काढ," तेव्हा त्याच्या मनात आधी कांद्याचे वाफे आले आणि मग दाजी. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनात गोष्टी याच क्रमानं येत, एवढंच.

"झालंय काय त्यांना?" तो म्हणाला. "डोकंच दुखतंय ना? माझंही दुखतं. उन्हात फिरणाऱ्या कुणाचं दुखत नाही? गोळी दे, बाम चोळ, झोपू दे."

"गोळ्या देतेच आहे. दोन तास बरं वाटतं, पुन्हा कपाळ धरून बसतात. आज सकाळी उठल्याबरोबर उलटी झाली."

"पित्त असेल."

"आणि तो दांडा लागला होता त्याचं काय?"

"ताई, त्याला महिना उलटून गेला. रक्ताचा थेंब तरी आला होता का?"

रक्त आलं नव्हतं, हे खरं होतं. पाच आठवड्यांपूर्वी पाटाचं दार उचलताना लोखंडी दांडा हातातून सटकला, गर्रकन उलटा फिरला आणि पाटकऱ्याच्या उजव्या कानाच्या वर बसला. तो मटकन खाली बसला, डोळे मिटून वीसपर्यंत आकडे मोजले, उठला आणि म्हणाला, "तीन मिनिटं वाया गेली." टेंगूळ आलं, चार दिवसांत उतरलं. गावात पाटावर काम करणाऱ्यांचा एक ठाम समज होता. रक्त आलं तर लागलं, टेंगूळ वर आलं तर आतलं बाहेर निघालं, आणि दोन्ही विसरायला झालं म्हणजे बरं झालं. पाटकऱ्याची बायको, पाटकरीण, हीही हेच धरून चालली होती. तिनं टेंगळावर फडक्यात बर्फ बांधला, दोन दिवस नवऱ्याला पाटावर जाऊ नका म्हणाली, आणि त्यासाठी दोन दिवस शिव्या खाल्ल्या.

पुढचे आठ-दहा दिवस सगळं सुरळीत होतं. म्हणजे पाटकरी नेहमीसारखाच होता. दाराआड उभी राहिलेली बाई दिसली तरी तिचं रान कुठलं, पाळी कधी आणि मागच्या वेळी तिनं किती वेळ चोरला हे तोंडावर सांगणारा. गावानं त्याचं नाव 'घड्याळ' ठेवलं होतं ते उगीच नाही. मग डोकं दुखायला लागलं. आधी सकाळी थोडं, मग दिवसभर. आणि त्याच सुमाराला घड्याळ मऊ पडलं.

पहिल्यांदा ते पाटकरणीच्याच लक्षात आलं. एका संध्याकाळी ती चुलीपुढून उठत होती, तर तो म्हणाला, "बस ना जरा."

चौतीस वर्षांच्या संसारात हे तिनं ऐकलं नव्हतं. ती बसली. त्यानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चहा छान झाला होता."

चहा होऊन दोन तास झाले होते. पण तेवढा बारकावा काढायला ती काही पाटकरी नव्हती. त्या रात्री अंथरुणात ती बराच वेळ जागी होती आणि मनातल्या मनात हसत होती.

असे एकूण तेवीस दिवस गेले. तो तिला हाक मारी, जवळ बसवी, कमी बोले पण गोड बोले. दुपारी खूप झोपे. ती म्हणे, आयुष्यभर पळाला, आता थकलाय, झोपू दे. जेवताना डाव्या हातातली वाटी कलंडे. ती म्हणे, वय झालं. शेजारणी म्हणत, "तुझा माणूस सुधारला गं!" ती वरवर म्हणे, "छे, कसला सुधारतोय," आणि घरी येऊन त्याच्यासाठी पुन्हा चहा ठेवी.

पण आज सकाळच्या उलटीला तिला वय किंवा थकवा म्हणता आलं नाही. म्हणून ती भावाच्या दारात उभी होती.

"उद्या नेऊ," भाऊ म्हणाला. "आज माझी पाळी आहे. पाणी सोडून कुठं येऊ? आणि दाजी गेले तर दार कोण उघडेल?"

"उद्या नक्की?"

"नक्की. आज फक्त त्यांना पाटापर्यंत पाठव."

ती परत फिरली. उद्या म्हणजे काही लांब नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. तिलाही आणखी एक दिवस हवाच होता. हे ती स्वतःशीही बोलली नाही, आपण तेवढं बोलू.

घरी आली तर अंगणात तोफखाना सुरू झालेला. पाटाच्या शेवटाला जिचं रान होतं ती काकू कमरेवर हात देऊन उभी होती. काकू म्हणजे नवरा गेल्यावर त्याचा भाजीचा टेम्पो स्वतः चालवणारी बाई. भांडणाला उभी राहिली की समोरचा बसूनच घेत असे. गावात तिच्याशी बरोबरीनं भांडणारा एकच माणूस होता, आणि तो आता बाजेवर बसून तिच्याकडं बघून हसत होता.

"तीन पाळ्या झाल्या, माझ्या रानात पाणी नाही! वांगी वाळून काटक्या झाल्या! वरचे सगळे डुंबतात आणि आम्ही काय दव चाटायचं? तुमचा मेहुणा म्हणून त्याला पाच तास? अहो बोला की! घड्याळाची चावी संपली काय?"

पाटकरी हसतच होता.

"मी तुम्हाला चोर म्हणतेय, कळतंय का? चोर!"

"बसा ना," पाटकरी म्हणाला. शब्द जरा जड निघाले, तोंडात काहीतरी असल्यासारखे. "चहा घ्या. यजमान कसे आहेत तुमचे?"

काकूचा हात कमरेवरून आपोआप खाली आला.

यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याच टेम्पोत घालून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलेला माणूस हाच होता. वाटेत त्यांचं डोकं याच्या मांडीवर होतं.

काकू पाटकरणीकडं वळली. आवाज एकदम घरातला झाला. "अगं, याला काय झालंय?"

"डोकं दुखतंय. उद्या नेणार आहोत."

"मी याला चोर म्हणाले आणि यानं मला शिवी दिली नाही. हा माणूस आजारी आहे, बाई."

"जरा शांत झालेत एवढंच..."

"शांत? हा माझ्याशी सतरा वर्षं भांडतोय. याचा राग मला माझ्या नवऱ्याच्या रागापेक्षा चांगला ओळखता येतो. तो राग आत नाहीच आहे." काकू बोलता बोलता थांबली. तिची नजर अंगणाच्या कडेला गेली होती. "हे काय आहे?"

पाटकरणीनं सकाळीच अंगणात सडा घातला होता. ओल्या मातीत तिच्या नवऱ्याचा उजवा पाय उमटला होता, पाचही बोटांसकट. डाव्या पायाच्या जागी नुसती रेघ होती. पाऊल, रेघ. पाऊल, रेघ. फाटकापासून बाजेपर्यंत, कुणी दोरी ओढत नेल्यासारखी.

फाटकाबाहेर पाटाचा बांध होता. कालच्या पाण्यानं तो ओला होऊन सुकला होता, आणि त्यावरची प्रत्येक खूण भाजलेल्या विटेसारखी पक्की झाली होती. दोघी फाटकापर्यंत गेल्या. बांधावर दूरवर, पाटाच्या दारापर्यंत तेच. पाऊल, रेघ. पाऊल, रेघ. काही ठिकाणी रेघ बांधावरून खाली घसरली होती. म्हणजे तो पडला होता, उठला होता, आणि घरी येऊन तिला म्हणाला होता, "बस ना जरा."

"तेवीस दिवस," पाटकरीण म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तुमचा टेम्पो कुठं आहे?"

टेम्पोत टोपल्यांच्या जागी गादी टाकली. पाटकऱ्याला दोघींनी धरून चढवलं. तेवढ्यात पाटावरून मेहुणा धावत आला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात फावडं.

"ताई, नऊ वाजून गेले! दार कधी उघडणार?"

"नाही उघडणार."

"अगं उद्या नेऊ म्हटलं ना मी! डोकेदुखीसाठी कुणी असं..."

"दादा, त्यांचा डावा पाय बघ."

"पाय? तू तर डोकं म्हणत होतीस."

"तेच तर!" काकू स्टीअरिंगवरून ओरडली. "डोक्याला लागलं आणि पाय ओढतोय, आणि तुला पाणी पाहिजे! सर बाजूला, नाहीतर फावड्यासकट घेऊन जाईन!"

मेहुणा बाजूला सरला. धुरळ्यात उभा राहून त्यानं टेम्पो जाताना बघितला, मग पाटाच्या बंद दाराकडं बघितलं. दार स्वतः उघडायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण त्यानं दांड्याला हात लावला नाही, हेही त्याच्या नावावर मांडून ठेवायला हवं.

वाटेत पाटकऱ्याला झोप येत होती. काकू सारखी मागं वळून ओरडत होती, "अहो, माझी पाळी कधी असते सांगा!" आणि तो डोळे न उघडता म्हणायचा, "तुमची... तुमची..." पुढचं त्याला सापडत नव्हतं. पाटकरणीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एवढं जड डोकं तिनं कधी घेतलं नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, पण प्रश्न पाटकऱ्यासारखे विचारत होती, एकामागून एक. कधी लागलं, कुठं लागलं, चक्कर, उलटी, झोप. कुठली गोळी चालू आहे?

"छातीची एक आहे. रक्त पातळ राहायची. पाच वर्षं झाली."

डॉक्टरणीनं मान वर केली. "ती गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर त्याच दिवशी यायचं असतं. टेंगूळ असो, नसो."

"रक्त आलं नव्हतं," पाटकरीण म्हणाली.

"बाहेर नव्हतं आलं. कवटीच्या आत महिनाभर साठत होतं, थेंब थेंब. आता ते मेंदूला दाबतंय." तिनं नुकत्याच काढलेल्या डोक्याच्या फोटोवर बोट ठेवलं. कवटीच्या आत एका बाजूला चंद्रकोरीसारखा पट्टा होता. "आज आणलंत म्हणून काढता येईल. आणखी दोन दिवस गेले असते तर मी शब्द दिला नसता. डोकेदुखी वाढत चाललीय, हातपाय ढिले पडलेत, एवढं होईपर्यंत थांबलात कशा? स्वभावही बदलला असणार. ते कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं," पाटकरीण म्हणाली. मग खूप हळू म्हणाली, "आवडलं."

डॉक्टरणीनं ऑपरेशनचा कागद तिच्यापुढं सरकवला. काकूनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

कवटीला दोन छिद्रं पाडली आणि काळं, पातळ रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटकऱ्यानं डोळे उघडले. पाटकरीण वाकली. तो तिच्याकडं बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडं बघत होता.

"ते घड्याळ," तो म्हणाला, "सात मिनिटं मागं आहे. कुणाचं लक्ष नाही का?"

ती हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. नर्स धावत आली. पाटकरी म्हणाला, "हिला रडायला काय झालं? मी पडलोय, ही रडतेय."

तीन आठवड्यांनी तो पाटावर परत उभा राहिला, डोक्याला टोपी, हातात घड्याळ. डाव्या हाताची मूठ अजून घट्ट आवळत नव्हती, म्हणून दांडा पाटकरीण फिरवायची आणि तो शेजारी उभा राहून मिनिटं मोजायचा.

आता कुणी काय मोजलं ते बघू. मेहुण्याला सहा तास जास्तीचं पाणी मिळालं आणि त्यात त्याचा कांदा मुळापासून सडला. एक पिवळी जुडी घेऊन तो दाजींपुढं येऊन मान खाली घालून उभा राहिला. पाटकऱ्यानं त्याचं काही ऐकून घेतलं नाही, येत्या बारा पाळ्यांत अर्धा-अर्धा तास कापायचं ठरवलं आणि तो काकूच्या पाळीला जोडला. काकूची वांगी त्याआधीच गेली होती. अर्धा पट्टा जळाला, उरलेला तिनं बादल्यांनी जगवला. पाळी मिळाल्यावर ती आभार मानायला आली, दहा मिनिटांत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ती समाधानानं घरी गेली. पाटकऱ्यानं डोक्यात दोन छिद्रं घेतली आणि डाव्या हाताचा जोर दिला.

आणि पाटकरीण?

एका संध्याकाळी पाटाचं दार बंद करून ती बांधावर बसली. ऊन उतरत होतं, ओल्या मातीचा वास येत होता. बांधावर दोन्ही पावलं उमटलेली होती, डावं जरा उथळ, पण पाचही बोटांसकट. तिनं किटलीतला चहा त्याच्यापुढं केला. त्यानं एक घोट घेतला.

"पाणचट झालाय. आणि दार दोन मिनिटं उशिरा पाडलंस."

"बसा ना जरा," ती म्हणाली.

"बसायला वेळ आहे का?" म्हणत तो रानात पाणी नेणाऱ्या पुढच्या चारीकडं निघालाही.

ती त्याची पावलं बघत राहिली. गावातल्या प्रत्येकाचं पाणी पुढच्या पाळ्यांत फिटायचं होतं. तिचे तेवीस दिवस मात्र कुठल्याही पाळीत फिटणारे नव्हते. तिनं किटलीतला उरलेला चहा पिऊन टाकला, दांडा खांद्यावर घेतला आणि त्याच्या मागं चालू लागली, पावलावर पाऊल ठेवून, मध्ये कुठं रेघ तर नाही ना ते बघत.