हात जोडणारं झाड

तिन्हीसांजेला धोंडू पवारांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. मधोमध पाटावर कुंडी, कुंडीत लाल शिरांच्या पानांचं एक देखणं झाड आणि शेजारी पर्णानंद महाराज. हा गृहस्थ पूर्वी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला होता. आता विचारलं तर हिमालयातून उतरलो म्हणून सांगे.

समई लागली की महाराज गाऱ्हाणं घालत.

"बा पर्णदेवा, या लेकरांच्या रक्तातली साखर उतरव रे महाराजा!"

"होय महाराजा!" लोक गरजत.

एकेकाचं गाऱ्हाणं, मग लांबलचक आरती. ती संपेपर्यंत दिवसभर आडवी पसरलेली पानं उभी राहून एकमेकांना टेकलेली असत. झाडाने हात जोडले म्हणून बायका डोळे पुसत. मग कुंडीखालच्या बशीतलं पाणी तीर्थ म्हणून वाटलं जाई. औषधं बंद ठेवायची, ही महाराजांची अट.

गावातली योगिनी हे बघून पोट धरून हसली असती, पण तीर्थ घेणाऱ्यांत तिची सासू होती. दमयंतीबाईंनी इन्शुलिन सोडलं होतं आणि अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. असंच चाललं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून योगिनीला घास गोड लागत नव्हता.

गंमत म्हणजे ते झाड तिच्या चांगलं ओळखीचं होतं. तिला रंगीत पानांचा भारी नाद. कोलियस, क्रोटन, कॅलेडियम यांनी घर भरलेलं. ना फूल ना फळ, म्हणून सासूबाई त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. महाराजांचं झाड म्हणजे मरांटा. त्याला कडक ऊन सोसत नाही, दमट हवा मानवते. म्हणून योगिनीचा मरांटा संडासाच्या खिडकीत सुखात होता. आणि दिवेलागणीला देव सोडून संडासात कोण बघतंय?

तिने भर अंगणात महाराजांना सांगितलं, की हे झाड गाऱ्हाण्यावाचूनही हात जोडतं. महाराज गडगडले, "माझ्या मंत्रावाचून एक पान हललं, तर दाढी उतरवीन!"

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना घरी बोलावलं. महाराजांना नेमकी समाधी लागली होती. बाकीचे आले. दमयंतीबाई तोंड फुगवून सर्वांत पुढे उभ्या राहिल्या. समई नाही, गाऱ्हाणं नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, खिडकीतला उजेड ओसरत गेला आणि पानं हळूहळू उभी राहिली.

"होय म..." धोंडू सवयीने बोलून गेले आणि थांबले.

शेजारच्या कमळाकाकू मान वाकडी करून बघत होत्या. "अगो, पण हा हात कोणाला जोडतोय?"

सगळ्यांची नजर समोर गेली. समोर कमोड होता.

हसू आवरल्यावर योगिनीने पानाच्या देठाचा फुगीर सांधा दाखवला. उजेड कमी झाला की त्यातलं पाणी इकडचं तिकडे सरकतं आणि पान उभं राहतं. सकाळी पुन्हा आडवं होतं. "लाजाळू मिटते, चिंचेची पानं रात्री मिटतात. तेव्हा आपण कोणी तीर्थ घेतो का?"

महाराज दुसऱ्या दिवशी पहाटेच पसार झाले, दाढीसकट.

त्या संध्याकाळी माणसं पांगली तरी दमयंतीबाई संडासाच्या दारातच उभ्या होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "योगिनी, माझी सुई आण गो. पाय हवाय मला."

चमत्कार दिसला तर खुशाल हात जोडा. फक्त त्याआधी, जिथे देव नाही, बुवा नाही, अशा जागीही तेच घडतं का, एवढं बघून या. आणि तोवर औषध सोडू नका.