अनुसयाची मूठ

साड्यांचे धागे कापून कापून धनश्रीची बोटं भरून आली होती, आणि तरी कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू आजच काढायचे होते. देवीला काय, तिचा श्रावणातला रविवार ठरलेला! सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर कानात शिरायची. सगळ्याचाच कंटाळा आला होता बाईला.

नवऱ्यानं टाकल्यावर ती सरलाबाईकडे परतली, त्याला तीन वर्षं होत आली. सरलाबाई तिची माय. जन्म दिलेली नव्हे, वाढवलेली. हे धनश्रीला लग्न ठरताना एका शेजारणीनं सांगितलं, मेली चोंबडी! तेव्हापासून विचारून विचारून धनश्रीचं तोंड दुखलं. माय कधी म्हणायची, धुळ्याच्या दवाखान्यातून आणली. कधी म्हणायची, सारंगखेड्याच्या जत्रेत सापडली. खरं काय ते बाप राघोला ठाऊक, आणि तो तर कधीच गेला. आपण कुणाच्या, एवढं मरायच्या आधी कळावं, बाकी काही नको, असं तिला वाटे.

खान्देश सोडून सुरतेला आले तरी या घरात रोटाची रीत कडक होती. घरातल्या दर माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू. मेलेल्याची मूठ निघत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीची तर नाहीच, मग ती परत येऊन बसली असली तरी. म्हणजे मूठ आता एकट्या सरलाबाईची. पण म्हातारीनं आपली मूठ सुपात टाकली आणि पुन्हा डब्यात हात घातला.

धनश्रीला भरूनच आलं. "माय, यंदा माझी धरलीस?"

सरलाबाईनं मान वर केली नाही. "तुनी नई वं. लेकीची कशी धरू? अनुसयाची हाये. दरसाल काढते, तू कधी पाहिलं नई."

अनुसया म्हणजे राघोची धाकटी बहीण. लग्नाआधीच तापानं गेली, असं घरात सांगत. धनश्री बघतच राहिली. गेली असती तर तिची मूठ निघाली नसती, सासरी नांदत असती तरी निघाली नसती.

"आत्या जिवंत आहे?"

"देवीच्या गव्हात खोटं कसं करू?" म्हातारी दमून भिंतीला टेकली. "आत्या नई, तुनी माय ती. लगीन नसताना दिवस गेले. तुह्या बापानं गावात सांगितलं, मेली. तुला उचललं अन् आम्ही इकडं आलो."

"आता कुठं आहे?"

"काय माहीत. चलथाणला उसाच्या तोडीवर होती म्हणे. दोन सालांमागं प्लेगात आली होती इथं. सारं सुरत गाठोडी घेऊन पळत होतं, अन् ही बया उलटी आत आली. दारात उभी राहून म्हणे, पोरगी बरी आहे ना? मी म्हटलं, सासरी आहे, सुखात आहे."

"अगं, मी आतल्या खोलीत झोपले होते की तेव्हा!"

"होतीस."

धनश्रीला संताप आला, पण ओरडायचंही त्राण अंगात नव्हतं. एवढी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते दारापर्यंत येऊन माघारी गेलं होतं.

"पाणी तरी विचारलंस का तिला?"

"नई."

"माय! एवढ्या प्लेगात आलेल्या बाईला घोटभर पाणी नाही?"

"पाणी दिलं असतं तर ती बसली असती," सरलाबाई म्हणाली. "अन् तू उठून बाहेर आली असतीस."