सुनेत्राकाकूंचा गुरुवार

हल्ली लेखक कुठून उगवेल याचा नेम नाही. बदलापूरच्या एका वाचनालयाने गावातल्या नव्या लेखकांचा सत्कार ठेवला, तेव्हा व्यासपीठावर दातांचे एक डॉक्टर होते, अंबरनाथच्या केमिकल कंपनीतले शिफ्ट इन्चार्ज होते, शिरगावात म्हशी राखणारे एक कवी होते, आणि टोकाच्या खुर्चीत होती किर्ती, कुळगावात ब्यूटी पार्लर चालवणारी. ‘भुवया कोरता कोरता कथा लिहिणाऱ्या’ अशी निवेदकाने तिची ओळख करून दिली. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण अंगावर शाल आणि हातात नारळ असताना माणसाला हसावंच लागतं.

कार्यक्रम संपल्यावर विष्णुपंत पुस्तक विकत घेऊन पुढे आले. एका कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेला सरळ माणूस. सही आमच्या हिच्या नावाने करा, म्हणाले. किर्तीने हौसेने लिहिलं, ‘सुनेत्राकाकूंना सप्रेम’. पुस्तक त्यांच्या पिशवीत गेलं आणि मग तिला आठवलं.

त्या पुस्तकातली एक गोष्ट सुनेत्राकाकूंचीच होती.

काकू किर्तीचं जुनं गिऱ्हाईक. खुर्चीत डोळे मिटून बसल्या की बायकांचं तोंड आपोआप उघडतं. तशाच एकदा त्या बोलून गेल्या होत्या, की दर गुरुवारी मठात जाते सांगून निघतात आणि जातात वांगणीला. पुण्याला गेलेल्या बहिणीची तिथे रिकामी खोली होती, किल्ली काकूंकडे. तिथे त्या काही करत नसत. घरून नेलेली, कोपरा जळलेली निळी चटई टाकून नुसत्या पडून राहत. कोणी चहा मागत नाही, कोणी चष्मा कुठे ठेवलास विचारत नाही.

किर्तीने नावं बदलली, वांगणीचं नेरळ केलं आणि स्वतःची समजूत घातली, की काकू कशाला वाचायला जातात! विष्णुपंत रोज संध्याकाळी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतात, हे तिला त्याच खुर्चीपाशी कळलं होतं. नेमकं तेच विसरली. कोणाच्या घरातलं गुपित उचलायचं आणि सही करून त्याच घरात पोचवायचं, याला अक्कल म्हणत नाहीत.

बरेच दिवस काकू फिरकल्या नाहीत. किर्तीचा जीव टांगणीला लागला. काकूंचा संसार तर बिघडेलच. आणि हिच्याजवळ बोललेलं छापून येतं असा बोभाटा झाला, तर पार्लरही जाईल आणि लिहिणंही. तिचं दोन्ही एकाच खुर्चीवर चालत होतं.

एका दुपारी काकू आल्या. अप्पर लिप कर, एवढंच म्हणाल्या. किर्तीला तेवढाच आधार वाटला, कारण ओठावरची लव काढताना ओठ ताणून धरावा लागतो, बोलता येत नाही. तिने दोरा धरला आणि काम लांबवत राहिली. ओठावर काही उरलं नाही तरी थांबेना. शेवटी काकूंनी तिचं मनगट पकडलं.

“बास. आता कातडी सोलतेस. ह्यांनी वाचली ती गोष्ट.”

चुकले काकू, एवढंच किर्तीच्या तोंडून निघालं.

“चुकलीसच. मला विचारायचं होतंस.”

मग काकूंनी सगळं सांगितलं. वाचता वाचता विष्णुपंत मध्येच थांबले. पुस्तक मिटलं. काकूंना वाटलं, संपलं सगळं. मग विष्णुपंतांनी विचारलं, गोष्टीतली ही कोपरा जळलेली निळी चटई आपलीच का? काकूंनी मान हलवली.

“खूप रागावले का?”

“दुसरी किल्ली आहे का विचारलं. रिटायर झाल्यापासून त्यांनाही कुठेतरी गप्प पडून राहायचं होतं म्हणे. मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. आता मंगळवारी ते जातात.”

किर्तीने दोरा बाजूला ठेवला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत तिने विचारलं, मग तुमचा गुरुवार?

काकूंनी आरशात लालबुंद ओठ पाहिला, त्यावर पावडर लावली.

“सोडला. लग्न होऊन आले त्या घरात मी कधी एकटी बसलेच नव्हते गं. ह्या मंगळवारी बसले.”